त्या घरचं पाणी

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं देली. वरती फवारणीच्या औषधाची जाहिरात आहे, मेलेल्या अळीचा फोटो. रोज उघडताना आधी अळीचं तोंड पाहा. चालते.

मागच्या वर्षी हेमराज म्हणाला होता, "आई, जहाजावर असलो की फोन लागत नाई. मले सांगाचं ते लिहून ठेवत जा. आलो की वाचीन." मी चौथी शिकलेली. तरी बोटं दुखेपर्यंत वर्षभर लिहिलं. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या वावरात वाघ दिसला, सारं. आज तो महिनाभराच्या सुट्टीवर आला, बायकोले घेऊन. वही समोर ठेवली. त्यानं हातात घेतली, चाळली अन् देवाजवळ नेऊन ठेवली. वही काय पूजेची आहे?

म्हणून यंदा माझ्यासाठीच लिहीन. ज्याले नाई वाचाचं त्यानं नको वाचू.

पोरगा बारीक झाला. कोस्ट गार्डात सहा वर्षं झाली त्याले, रत्नागिरीले असते. समुद्रात बोट बुडाली की माणसं काढाचं काम. गावात सारे मिलटरीच म्हणतात. मी समजावणं सोडलं. ज्यांनी वैनगंगेपलीकडं पाणी पाह्यलं नाई, त्यायले समुद्र काय सांगू? मी तरी कुठी पाह्यला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सारं गाव घाटावर आंघोळीले गेलं, तीळ लावून. हेमराज गेला नाई. गोठ्यामागं बादलीभर गरम पाणी घेऊन आंग धुतलं, पाव्हण्यावानी. पाच वर्षांचा होता तवा याच घाटावर याच्या बापानं याले डोंग्यावरून पाण्यात टाकून पोहणं शिकवलं. हेमराजचे बाबा, गुणवंतराव, तीस वर्षं इथी डोंगा चालवत होते. पूल झाला तवापासून डोंगा पालथा पडून राहते, मासोळ्या धराच्या दिवशी तेवढा सरळ होते.

"काऊन रे, नदीची लाज वाटते काय आता?"

"सर्दी आहे, आई."

सर्दी नव्हती. टॉवेल द्याले गेली तवा पाह्यलं, उजव्या हाताले कोपराखाली चार ओरखडे, लांब, काळे पडलेले. नखाचे. बाईमाणसाचं काम. मी काही बोलली नाई. सणाचा दिवस होता.

१६ जानेवारी, गुरुवार

आज बोलली. चंचल तांदूळ निवडत होती. म्हटलं, "माझ्या पोराले बोचकारतं काय वं तू?"

ती सूप खाली ठेवून म्हणते, "आई, ते माझे नाईत."

"मंग कोणाचे?"

"त्यायलेच विचारा."

म्हणजे आणखी कोणी आहे. माझं डोकं फिरलं. रोज दुपारी दोनच्या सुमाराले त्याच्या फोनवर एका बाईचा फोन येते, हे मी पाह्यलं आहे. तो उठून गोठ्यामागं जाते. बोलत काही नाई, नुसता हो, हो करते. आल्यावर जेवत नाई. अन् ही बायको शांत तांदूळ निवडून राह्यली.

"तुले काही वाटत नाई?"

"वाटते ना. ते नोकरी सोडतो म्हणतात. बारा फेब्रुवारीले हजर व्हाचं आहे, जात नाई म्हणतात."

तांदळातले खडे तिनं अंगणात फेकले. कोंबड्या धावल्या, खडे पाहून परत फिरल्या. सरकारी नोकरी सोडते म्हणे. चार वेळा भरतीले पळाला तवा लागली. पायाची नखं गेली होती त्याची.

२६ जानेवारी, रविवार

बारा वाजता फोन आला रत्नागिरीवरून, हेमराजच्या साहेबाचा. हेमराजले पदक जाहीर झालं. मागच्या पावसाळ्यात वादळात मासेमारीची बोट बुडाली, हा दोर बांधून पाण्यात उतरला अन् लोकं काढले. आम्हाले यातलं एक अक्षर माहीत नव्हतं! मी रडली. मंग चिडली. मंग साखर वाटली.

तासाभरात सरपंच बापूराव आले, मागं दहा माणसं. "गुणाबाई, नाव काढलं पोरानं. दोन तारखेले सत्कार. मंडप, लाऊडस्पीकर, जेवण, सारं ग्रामपंचायतीकडं. तुम्ही फक्त या."

"येतो ना," मी म्हटलं. "आम्ही चौघं बी स्टेजवर बसू."

हेमराज खाटेवर बसला होता. म्हणाला, "मी नाई येणार, काका."

बापूराव हसले. "पाहा, मोठे लोकं असेच लाजतात."

ते गेल्यावर यांनी, हेमराजच्या बाबांनी, पहिल्यांदा तोंड उघडलं. "किती होते बोटीवर?"

"आठ."

"काढले किती?"

"सात."

"जाऊन आला काय तू?"

हेमराज मान खाली घालून म्हणाला, "नाई."

"मंग शाल नको घेऊ," हे म्हणाले अन् बैलाले वैरण टाकाले उठून गेले.

आमच्या घाटाच्या डोंगेवाल्यायचा एक नेम आहे. पाण्यात हातातून माणूस सुटला, तर काढणाऱ्यानं स्वतः त्या घरी जावं. अंगणात उभं राहावं, कसा गेला ते सांगावं. बसाचं नाई, मागाचं नाई. त्या घरानं पाणी देलं तर झालं, मोकळा. नाई देलं तर मुकाट्यानं परत फिरावं, अन् त्या बुडीचा मानपान जन्मभर कोणाकडून घेऊ नये.

मी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी पुरात डोंगा पालथा झाला. यांनी अकरा माणसं काढली. एक बाई गेली, पलीकडच्या गावची. हे गेले होते तिच्या घरी. तिथी काय झालं ते मले सांगतलं नाई, अन् मी बी खोदून विचारलं नाई, धानाची रोवणी चालू होती. तालुक्याले सत्काराले बोलावलं, गेले नाई. घरात तवा एक पेटी अन् भाताचे दोन गंज. शाल तरी आली असती.

ती शाल हुकली. ही मी हुकू देणार नाई. नेम डोंग्याचा आहे, डोंगा पालथा आहे, अन् हेमराज सरकारच्या जहाजावर आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन वाजता हेमराज संडासले गेला होता, फोन खाटेवर वाजत होता. मी उचलला.

"कोण बोलते? हे पाहा बाई, त्याचं लग्न झालं आहे."

तिकडून बाई म्हणाली, "तुम्ही हेमराजच्या आई का? मी नजमा. कैफची आई."

"कोण कैफ?"

"त्यानं सांगितलं नाही?" बोली कोकणातली, जरा वेगळी, पण समजत होती. "बोटीवर होता माझा मुलगा. सापडला नाही."

माझ्या तोंडात शिवी तयार होती, ती तिथंच राह्यली. म्हटलं, "मंग तुम्ही रोज फोन काऊन करता? भरपाई पायजे असंल तर ते साहेबायचं काम आहे. माझ्या पोराच्या हातात काही नाई."

"भरपाई नको मला. त्यानंच पहिला फोन केला होता, सप्टेंबरात. मी तिथे होतो म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही. मी रोज विचारते, कैफ काय म्हणाला रे शेवटी? तो नुसतं हो हो करतो." मंग तिनं विचारलं, "तो जेवतो का नीट?"

आता हिले काय कराचं माझ्या पोराच्या जेवणाचं! मी म्हटलं, "जेवते. कमी जेवते."

"माझा पण कमीच जेवायचा."

मी फोन ठेवला. हेमराज आला तर त्याले सांगतलं.

"काय बोलली तू?"

"काय बोलणार? तो आठवा काय रे हा?"

"हो."

"नशीब त्याचं," मी म्हटलं. "सात तर वाचले." तो उठून गेला. काही चुकीचं बोलली काय मी?

३० जानेवारी, गुरुवार

फलक लागला चौकात. हेमराजचं डोकं, खाली दुसऱ्याचं आंग, हातात बंदूक, मागं बर्फाचे डोंगर अन् रणगाडा. मी बापूरावले म्हटलं, "भाऊ, तो समुद्रात राहते. हा बर्फ कायचा?"

"गोंडपिपरीच्या फलकवाल्याकडं मिलटरीचं हेच एक होतं, बाई. समुद्र मागतला तर त्यानं बायकोसोबत फिराले जाचा समुद्र दाखवला. त्यापेक्षा बर्फ बरा."

चंचल हसली नाई. हेमराजनं तर पाह्यलाच नाई फलक. बैल घेऊन मागच्या वाटेनं वावरात जाते.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हेमराजले म्हटलं, "माझ्यासाठी ये. एक दिवस. पंचवीस वर्षं मले डोंगेवालीण म्हणून हाक मारली या गावानं."

तो म्हणाला, "आई, तुले पायजे तर तू जा." अन् बाप-लेक दोघं वावरात निघून गेले. सूनही नाई आली. मी लुगडं नेसून एकटी गेली. मागं हटणारी मी नव्हेच.

मंडपात तीनशे माणूस. मले मधल्या खुर्चीवर बसवलं. शाळेच्या पोरींनी गाणं म्हटलं. बापूराव माईकवर उभे राह्यले अन् म्हणाले, "वादळ होतं! लाटा ताडाएवढ्या! बोटीवर आठ जण होते. आपल्या हेमराजनं आठच्या आठ जिवंत काढले!"

टाळ्या. लय वेळ टाळ्या.

माझं तोंड गावात नावाजलेलं आहे. ग्रामसभेत मी ग्रामसेवकाले पळवलं आहे. रेशनवाल्यानं माप मारलं तर तराजू रस्त्यावर आणला आहे. मले फक्त "सात" एवढंच म्हणाचं होतं. माईक हातभर दूर होता. नाई म्हटलं. शाल पांघरली, नारळ घेतला, हात जोडले.

त्या वेळी दोन वाजले असतील. टाळ्या चालू होत्या तवा मले वाटलं, आता तिचा फोन येत असंल.

घरी आली तर हेमराज दारात. शाल पाह्यली. "किती म्हणाले?"

मी खोटं बोलू शकली असती. म्हटलं, "आठ."

त्यानं चप्पल घातली अन् नदीकडं निघाला. आल्यापासून पहिल्यांदा. चंचल ओरडली, "आई, जाऊ नका देऊ त्यायले!" तिचा तो आवाज ऐकून माझे पाय धावले, मले काही समजाच्या आधी.

घाटावर पालथ्या डोंग्यावर बसला होता. ऊन उतरलं होतं. मी धापा टाकत बाजूले बसली, शाल अजून आंगावरच.

"उतरता आलं नाई," तो म्हणाला. "पाय धुवावं म्हटलं. पाण्यात पाय टाकता येत नाई, आई."

मंग सांगतलं. सातवा काढला तवा त्याच्या हातातली ताकद गेली होती. आठवा एकवीस वर्षांचा. त्यानं समोरून मिठी मारली, हात धरला, दोघं खाली गेले. दोर अडकला होता. "मी त्याची बोटं सोडवली. एकेक. तो सोडत नव्हता. मीच सोडवली, आई. ते पदकाच्या कागदात लिहिलं नाई."

मी त्याचा हात पाह्यला. चार ओरखडे. अन् मी चंचलले काय काय बोलली होती.

म्हटलं, "मंग काय कराचं होतं? दोघं बुडाले असते तर काय मले दोन शाली भेटल्या असत्या?"

मले असंच बोलता येते, मी काय करू.

"तिले सांगतलं काय हे?"

"कसं सांगू? ती विचारते, काय म्हणाला. तो काही म्हणाला नाई. त्यानं फक्त धरलं होतं."

"फोनवर नाई सांगता येत असं," मी म्हटलं. "उठ. तिकिटं काढ. बुधवारच्या गाडीची."

"आई, तिनं हाकललं तर?"

"तर परत येऊ. इथी बसून कोणता मोठा सुखात आहे तू?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

बापूरावच्या घरी जाऊन शाल परत देली. "सातच काढले होते भाऊ. पुढच्या सभेत माईकवर सांगजा. नाई सांगतलं तर मी सांगीन, अन् मले माईक बी नाई लागत."

ते म्हणाले, "अवो बाई, एकानं काय फरक पडते?"

"त्याच्या मायले विचारून सांगीन."

शाल घेतली त्यांनी, नारळ घेतला नाई. म्हणे देवाचा आहे, कोणाले देऊन टाका. तो थैलीत पडला आहे. चंचलले म्हटलं, "त्या दिवशी बोलली ते इसरून जा." ती म्हणाली, "कधी बोलल्या?" शहाणी आहे. मले आवडत नाई एवढा शहाणपणा, पण आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

बल्लारपूर स्टेशन. गाडी दोन तास लेट. कागद कारखान्याचा वास आहे तसाच आहे. हेमराज बाकावर डोळे मिटून बसला आहे, झोपला नाई.

हेमराजचे बाबा एसटी थांब्यावर सोडाले आले होते. हेमराज थैल्या घेऊन आधी चढला. मी पायरीवर एक पाय ठेवला तर मागून म्हणतात, "मी बी सोडवला होता."

"काय?"

"त्या बाईचा हात. मीच सोडवला होता. सांगतलं तिच्या घरी." मंग म्हणाले, "पाणी नाई भेटलं."

अठ्ठावीस वर्षांनी सांगतलं, ते बी कंडक्टर घंटी मारून राह्यला तवा! "भाजी झाकून ठेवली आहे, खाऊन घ्या," म्हटलं अन् चढली. असे हे माणसं. सारी जिंदगी गप्प राहाचं अन् एसटी सुटताना बोलाचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन गाड्या बदलून काल सकाळी पोचलो. कंबर गेली. समुद्र पाह्यला. एवढं पाणी, अन् घोटभर पेता येत नाई. मले तर नदीच बरी वाटली.

नजमाबाईचं घर किनाऱ्यालेच. अंगणात मासोळ्या वाळत घातल्या होत्या. ती माझ्याच वयाची, वाळलेली, डोक्यावरून ओढणी. आम्हाले पाहून उठली. कोणी काही सांगाच्या आधीच तिनं हेमराजले ओळखलं.

"बसा," म्हणाली.

हेमराज बसला नाई. मी बी उभी राह्यली. गुडघे बोंबलत होते. चंचल माझ्या मागं.

त्यानं सारं सांगतलं. एक शब्द गाळला नाई. सातवा, दोर, मिठी, बोटं. "तो काही म्हणाला नाही. मी त्याचा हात सोडवला. मीच सोडवला."

कावळे मासोळ्यायवर उतरत होते. एरवी मी हाकलले असते. कोणीच हाकलले नाई.

नजमाबाई जवळ आली. "बघू हात."

त्यानं बाही वर केली. तिनं चारही ओरखड्यायवरून बोट फिरवलं, एकामागून एक, सावकाश, कापड पारखते तसं. मंग म्हणाली, "नखं वाढली होती त्याची. दर शुक्रवारी सांगायचे, काप रे, काप. हो म्हणायचा आणि पळायचा."

अन् हात सोडून आत गेली.

आम्ही उभेच. लय वेळ लागला तिले. आत भांडं पडल्याचा आवाज आला, मंग काहीच नाई. हेमराजनं माझ्याकडं पाह्यलं, लहानपणी पाण्यात टाकाच्या आधी बापाकडं पाहाचा तसं. मले वाटलं, चला, फिरा आता. थैली उचलली बी होती मी.

तर ती बाहेर आली. हातात ताटली, त्यात तीन गिलास.

पहिला हेमराजले देला. त्यानं उभ्यानंच पेला. शेवटचा थेंब राह्यला नाई. मंग तो मटकन खाली बसला, अन् ती त्याच्यासमोर बसली. मी मंग कावळे हाकलले.

जाताना थैलीतला नारळ काढून देला. ती पाहतच राह्यली. "कोकणात नारळ आणलात?" अन् ओढणी तोंडावर घेऊन लय वेळ हसली. हसत होती, असंच मी धरलं. तोच नारळ फोडून वाटला, माशाच्या कालवणात घातला, जेवल्याशिवाय जाऊ देलं नाई. कालवण चांगलं होतं. आंबट जरा जास्त.

संध्याकाळी हेमराज अन् चंचल किनाऱ्यावर गेले. मी वाळूत बसून यांना फोन लावला. हेमराज पाण्याजवळ उभा होता. लाट आली तर मागं सरकला. दुसरी आली तर नाई सरकला.

"हॅलो, ऐकू येते काय? पोचलो आम्ही. भेटली बाई."

"पाणी देलं काय?"

"देलं. अन् मासोळ्या बी खाऊ घातल्या."

तिकडून काही आवाज नाई. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. म्हटलं, "अजी, बैलाले पाणी पाजलं काय? दार लावून घेत जा, वाघ हिंडून राह्यला गावात." काहीच नाई.

आपल्या गावात रेंजचं हे असंच. पण बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती साफ. मी आणखी थोडा वेळ फोन कानालेच धरून बसली, मंग ठेवला.